हॅलोवीनची गाणी: तीन वर्षांच्या पोरीपासून अठ्ठ्याहत्तरच्या आजींपर्यंत

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो आणि मग नीट बसून वाचला, कारण ऑक्टोबर लागला की असे दोन-तीन फोन मला दरवर्षी येतात आणि प्रत्येकाला वाटतं की हॅलोवीनची गाणी म्हणजे नेटवरची तयार लिस्ट उचलायची, प्ले दाबायचं नि आपण वडे तळायला मोकळे. तसं होत नाही ना.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आंजर्ल्याजवळ तुमचा होमस्टे आहे, ३१ ऑक्टोबरला पुण्या-मुंबईची चार कुटुंबं येतायत, शेजारपाजारचे धरून पस्तीसेक माणसं होतील, सगळ्यात लहान पाहुणी ३ वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या आजी ७८ वर्षांच्या. अंगणात ७ ते १० कार्यक्रम, भजनी मंडळाचे दोन १२ इंची स्पीकर आणि मिक्सर मिळालाय, भाच्याने तीन तासांची इंग्लिश प्लेलिस्ट करून दिलीय ज्यात अर्ध्या किंकाळ्याच आहेत, आणि सासूबाई म्हणतायत की भुताखेतांची गाणी आपल्या दारात नकोत. बरोबर?

मी गुहागर तालुक्यातला, २२ वर्षं साऊंडचं काम करतोय. हळद, पूजा, गणपती, नमन, क्रिकेटच्या टूर्नामेंटा, आणि गेली सात-आठ वर्षं रिसॉर्टवाल्यांच्या हॅलोवीन पार्ट्यासुद्धा. त्यातली पहिली पार्टी मी साफ घालवली होती, ते आधी सांगतो म्हणजे पुढचं पटेल. किंकाळ्या, करकरणारं दार, लांडगे, साखळदंड असं सगळं पेनड्राइव्हवर भरून नेलं होतं आणि सव्वासातला लाईट घालवून एकदम एक किंकाळी सोडली, दोन १५ इंची मोठे स्पीकर पूर्ण आवाजावर. चार वर्षांची एक मुलगी अशी रडायला लागली की आईने तिला गाडीत नेऊन बसवलं नि ती परत अंगणात आलीच नाही, एका आजोबांचा चहा त्यांच्याच लेंग्यावर सांडला, आणि पुढचा तासभर मी कुठलंही गाणं लावलं तरी सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या जशी काय मीच हडळ. तेव्हापासून माझा हिशोब एकच आहे. भीती किती ठेवायची ते सगळ्यात लहान पाहुण्याकडे बघून ठरवायचं, आणि आवाज किती ठेवायचा ते सगळ्यात म्हाताऱ्या पाहुण्याकडे बघून. गाणी कुठली हा प्रश्न त्यानंतरचा.

तीन वर्षांच्या पोरीला "अगं खोटं आहे ते" असं सांगून काही कळत नाही, आवाज आला म्हणजे तो प्राणी आहेच, आणि तो दिसत नाही म्हणून आणखीच भीती. त्यामुळे एकदम दचकवणारं काहीही नको. आणि आजींचं उलट असतं, त्यांना भुताची भीती बिलकुल वाटत नाही, त्यांनी आयुष्यभर अंधारात परसाकडे जाऊन भुतं कोळून प्यायलेली असतात, त्यांना त्रास होतो तो दणदणाटाचा. कानाला मशीन असेल तर जास्तच, कारण त्या मशीनीतून गाणं नि गप्पा सगळं एकात एक मिसळून नुसता कालवा ऐकू येतो आणि मग त्या "मला झोप आली" म्हणून आत जाऊन बसतात. झोप बीप काही आलेली नसते.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. बाकीच्या अर्ध्यासाठी त्यांना एवढंच सांगा की हा सण म्हणजे भूत बोलवायचा प्रकार नाही. १ नोव्हेंबरला ख्रिश्चनांचा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन, आणि त्याच्याही मागे आयर्लंड-स्कॉटलंडकडचा जुना सण आहे, पिकं घरात आली, आता थंडी सुरू, अशा वेळचा. म्हणजे आपल्याकडे भातकापणी चालू असते त्याच दिवसांत. आणि सोंगं काढून पोरांना घाबरवणं आपल्याला काय नवीन आहे का? शिमग्याला काळा वेश करून कमरेला घुंगरं बांधून संकासूर पोरांच्या मागे धावतो तेव्हा पोरं किंचाळतात पण मजेने, कारण सगळ्यांना माहितीये आत कोण आहे. खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर काढतात त्याला काय कमी दणका असतो? हे असं सांगितलं की सासूबाई निम्म्या विरघळतात, माझा अनुभव आहे.

पण त्यांचं जे अर्धं बरोबर आहे ते असं. आपल्याकडचा देवचार, वेतोबा, राखणदार ही गाव राखणारी मंडळी, पार्टीतली भुतं नाहीत. ज्याला मुंबईची मंडळी घोस्ट म्हणतील त्याला आपल्या वाडीतला माणूस वर्षातून एकदा नारळ देतो. मी एकदा शहाणपणा करून गाऱ्हाण्याचं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घालतात त्या मागणीचं, रेकॉर्डिंग मागे इको लावून "कोकणी हॉरर" म्हणून वाजवलं होतं, पाहुण्यांना फार आवडलं, टाळ्या वगैरे, आणि आत चुलीजवळ काम करणाऱ्या तीन बायका हात जोडून उभ्या राहिल्या. मला इतकी लाज वाटली ना. तेव्हा गाऱ्हाणं, पालखीचे ढोल, आरती, देवस्की संबंधातलं काहीही, कुठलाही मंत्र, हे या रात्री इफेक्ट म्हणून लावायचं नाही. चर्चमधल्या घंटा आणि कॉयरच्या गाण्यांबद्दलही तेच, कारण २ नोव्हेंबरला ख्रिश्चन मंडळी आपल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात आणि तुमच्या पाहुण्यांत किंवा शेजारात कोणी असेल तर त्यांना ते बोचतं.

तर गाण्यांकडे येऊ. तीन तास म्हणजे सरासरी चार मिनिटांची ४५ गाणी. त्यातली भुताची जास्तीत जास्त १५-१८ ठेवा, बाकी नेहमीची नाचायची, गुणगुणायची. सलग तीन तास भुताचंच वाजत राहिलं तर चौथ्या गाण्याला मजा संपते, पुढे ते नुसतं उदासवाणं वाटायला लागतं आणि लोक मोबाईल काढतात.

सुरुवात सातला, नुकता अंधार पडलेला असतो, पोरं चेहरे रंगवून आलेली असतात नि प्रचंड जोशात असतात. हा पहिला तास पोरांचा. इथे १९६४ च्या अॅडम्स फॅमिली मालिकेचं टायटल म्युझिक लावा, त्यात मधेमधे दोन चुटक्या वाजतात, ते पोरांना एकदा दाखवलं की तीन वर्षांची मुलगीही चुटकी वाजवायचा प्रयत्न करते, येत नाही, मग टाळी वाजवते, आणि तिकडे आजीही वाजवतात. एका मिनिटात सगळ्या वयाची माणसं एका तालावर. मग घोस्टबस्टर्सचं १९८४ चं गाणं, त्यात गाणारा प्रश्न विचारतो नि सगळ्यांनी ओरडून उत्तर द्यायचं असतं, इंग्लिश येत नसलं तरी पोरं दुसऱ्या वेळेला बरोबर ओरडतात. मॉन्स्टर मॅश हे १९६२ चं गाणं पण ठेवा, बॉबी पिकेटने जुन्या हॉरर सिनेमातल्या नटांचा आवाज काढून म्हटलेलं, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ते एक नंबरला गेलं होतं. आज ऐकलं तर ते इतकं बाळबोध वाटतं की त्याला घाबरणार कोण, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

पोरांसाठी माझं हुकमी पान मात्र दुसरंच आहे. ग्रीग नावाचा नॉर्वेचा संगीतकार, त्याने १८७५ च्या सुमाराला एका नाटकासाठी राक्षसांच्या राजाच्या दरबाराचं संगीत केलं, इंग्लिशमध्ये इन द हॉल ऑफ द माउंटन किंग म्हणून शोधा. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. मांजर पाय न वाजवता चालावी तसं सुरू होतं, एकच धून परत परत येते, दर वेळी थोडी जलद थोडी मोठी, आणि शेवटी नुसती पळापळ. पोरांना सांगायचं, संगीत हळू तर चोरपावलांनी चाला, वाढलं की पळा, संपलं की स्टॅच्यू. नाहीतर टॉयलेट पेपरचे रोल देऊन ममी गुंडाळायची स्पर्धा लावा, संगीत संपेपर्यंत बाबाला गुंडाळायचं. अडीच मिनिटांत एक बाबा बरोबर गुंडाळून होतो, हे मी स्वतः मोजलेलं आहे. आवाज आधीच बेताचा ठेवून मग सुरू करा, कारण सुरुवात ऐकू येत नाही म्हणून लोक व्हॉल्यूम चढवतात आणि शेवट कानावर आदळतो.

थोडं विषयांतर करतो, पण याने तुम्हाला गाणी निवडायला सोपं जाईल. संगीत भीतीदायक का वाटतं हे बघायचं तर भजनी मंडळाची पेटी घ्या, सा दाबा आणि त्याच्याबरोबर तीव्र मध्यम, म्हणजे पंचमाच्या लगेच आधीची पट्टी, दाबा. अंगावर येतं ना? आता तीव्र मध्यम सोडून पंचम दाबा, सगळं शांत झालं. एवढाच खेळ आहे. सेंट-सान्स या फ्रेंच संगीतकाराने १८७४ मध्ये सांगाड्यांच्या नाचावर एक रचना केली, दांस माकाब्र, त्यात व्हायोलिनची एक तार मुद्दाम अर्धा सूर उतरवून लावायची असते, म्हणजे शेजारच्या दोन मोकळ्या तारांवर एकदम बो फिरवला की नेमकं हे सा आणि तीव्र मध्यमाचंच अंतर वाजतं. आणि हाडांचा खडखडाट झायलोफोनवर. याचा अर्थ भीती वाटायला किंकाळी लागत नाही, सुरांचं अंतर पुरतं, संथ लय पुरते, खाली एकच लांबलचक सूर चालू असला तरी पुरतं. अशी भीती तीन वर्षांच्या मुलीला नुसती गंमतशीर वाटते आणि मोठ्यांच्या पाठीतून बरोबर एक शिरशिरी जाते. किंकाळीचा आवाज फक्त दचकवतो, आणि तिसऱ्यांदा तेही होत नाही.

आठ वाजता जेवणं लावा. या वेळेला नाच नको, आणि हा तास आजींचा. इथेच बहुतेक लोक चुकतात, जेवताना नुसतं काहीतरी इन्स्ट्रुमेंटल लावून देतात. अहो आपल्याकडे हिंदी सिनेमात धुक्यातली, हातात मेणबत्ती घेतलेल्या बाईची गाणी आहेत त्याला जगात तोड नाही! १९४९ च्या महल मधलं आएगा आनेवाला, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, लताबाई तेव्हा विशीच्या आत होत्या. त्याची सुरुवात तालाशिवाय आहे, आवाज लांबून येतोय असं वाटतं, माईकपासून दूर उभं राहून गात गात जवळ यायचं असं करून ते रेकॉर्ड केलं असं सांगतात. १९६२ च्या बीस साल बाद मधलं कहीं दीप जले, हेमंतकुमारांचं. १९६४ च्या वो कौन थी मधलं नैना बरसे, मदनमोहनचं. १९६५ च्या गुमनामचं टायटल साँग. ही चार गाणी माझ्याकडे कायम एका फोल्डरमध्ये असतात. त्यातलं कहीं दीप जले लागलं ना की ७०-७५ च्या आज्या जेवता जेवता थांबतात, एखादी बारीक आवाजात गायला लागते, आणि मग तिची नात विचारते आजी हे कुठलं, मग आजी सांगते की थिएटरात आम्ही कशा पदरात तोंड लपवून बसलो होतो. ती गोष्ट पोरांना भुतापेक्षा भारी वाटते. मी एकदा अशा वेळी गाणं मधेच बदललं तर घरमालकाने मला भाताचा डाव दाखवला होता.

फक्त ही चारही पाठोपाठ नकोत, फार संथ आहेत, जेवण जड होतं. मधेमधे हलकं काहीतरी द्या, गुमनाम मधलंच जान पहचान हो, रफीसाहेबांचं, त्यातले वाजवणारे-नाचणारे मुखवटे घातलेले आहेत त्यामुळे हॅलोवीनला फिट्ट बसतं आणि तिकडे पंगतीत काकालोकांचे पाय आपोआप हलायला लागतात.

जेवणं होत आली, साधारण पावणेनऊ, की संगीत बंद करा. पूर्ण बंद. मला माहितीये हे साऊंडवाल्याने सांगणं विचित्र आहे. पण तुम्ही समुद्राकाठी आहात, त्या शहरातल्या मंडळींना गाज ऐकू येऊ दे. अंगणातले मोठे दिवे घालवा, पडवीतला एक बारीक दिवा राहू दे म्हणजे लहान मुलं घाबरणार नाहीत, माडाच्या झावळ्या वाजतात, रातकिडे असतातच, नशीब असेल तर पिंगळा ओरडतो. आणि अशात वाडीतल्या एखाद्या आजोबांना माईक द्या नि चकव्याची गोष्ट सांगायला लावा, रात्री वाट चुकून माणूस सकाळपर्यंत एकाच शेताभोवती कसा फिरत राहिला ती, प्रत्येक वाडीत एक असतेच. भजनी मिक्सरला इकोचं बटण असतं, एरवी बुवा ते उगाच जास्त ठेवतात, आज ते कामाला आणा, पण गोष्टभर नको, फक्त शेवटच्या दोन वाक्यांना हळूच वाढवा. दहा मिनिटं. यापेक्षा भारी हॉरर इफेक्ट मला कुठल्याही पॅकमध्ये मिळालेला नाही. लहानग्यांना आई-बाबांच्या मांडीवर बसवून घ्या आणि गोष्टीचा शेवट हसायचा असू दे, हे आजोबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते रंगात येतात.

त्यानंतर नवापासून नाच. हे तुम्हाला सोपं जाईल, भाच्याची लिस्ट इथे वापरा पण गाळून. ज्या गाण्यापुढे इंग्लिश E असं बारीक अक्षर आहे ते शिव्या किंवा चावट शब्दांचं, ते उडवा. नुसतं नाव भुताचं असलेली पण मेटलची किंचाळणारी गाणी उडवा. हिंदीचंही ऐकून घ्या हो, हॉरर-कॉमेडी सिनेमातली नाचाची गाणी पोरांना तोंडपाठ असतात पण त्यातली काही आजीसमोर ऐकताना आई-बापच इकडेतिकडे बघायला लागतात. २००७ च्या भूल भुलैयाचं टायटल साँग हे सगळ्यांना चालणारं आहे, आधी तेच लावा, एकदा माणसं उठली की २०१८ च्या स्त्री मधलं मिलेगी मिलेगी चालतं. आणि २०२४ चा मुंज्या तर आपल्या कोकणातच घडतो, त्याचं नाव माईकवर घेतलंत तरी पोरं ओरडतात. मराठीत १९९३ चा झपाटलेला, तात्या विंचू! चाळिशीतला बाप आणि आठ वर्षांचा पोरगा दोघांनाही तो येतो, एखाद्याला तात्याचा आवाज काढायला लावा नि बघा काय होतं.

थ्रिलर तर लागणारच. मायकल जॅक्सनचा अल्बम १९८२ चा, आज तो ऐकून मोठी झालेली माणसं स्वतः पन्नाशीत आहेत, त्यांना ते झॉम्बीचे हात करायचेच असतात. अल्बममधलं गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं आहे आणि शेवटी व्हिन्सेंट प्राइस यांचं ते बोलणं आणि हसणं येतं. ते हसणं लहान पोरांना झेपत नाही, मी दोनदा बघितलंय. तर बोलणं सुरू व्हायच्या आधी हळूहळू आवाज उतरवून पुढच्या गाण्यात शिरा. व्हिडिओवाली आवृत्ती लावू नका, ती चौदा मिनिटांची आहे, मधे सगळा सिनेमा आहे, नाचणारे लोक नुसते उभे राहतात.

आणि शेवटची दहा मिनिटं भुतं बाजूला. कोळीगीत लावा. हॅलोवीन असो नाहीतर आणखी काही, कोळीगीत लागल्याशिवाय किनाऱ्यावरचा कार्यक्रम उठत नाही आणि त्याच्यावर व्हँपायर, चेटकीण, सासूबाई, स्वयंपाकाच्या बायका, सगळे एका रांगेत नाचतात. मुंबईच्या पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये घरी जाताना तोच व्हिडिओ असतो.

आता आवाज. फोनवर डेसिबल मोजायचं फुकट अॅप घ्या, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. माणसं समोरासमोर नीट बोलतात ते साधारण ६० डेसिबल. जेवताना खुर्च्यांपाशी ६५ च्या आसपास ठेवा म्हणजे आवाज न चढवता गप्पा होतात. नाचाला ८० पर्यंत ठीक. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानाची मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं, आणि आपल्याकडे हळदीला १०० सहज होतं, त्यावर मी काही बोलत नाही, माझंच पोट आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणून आजींची खुर्ची स्पीकरपासून चार मीटरवर असेल तर आठ मीटरवर न्या, गाणं बंद न करता त्यांची सोय होते. तीन वर्षांच्या मुलीला कोणीही स्पीकरसमोर घेऊन नाचवू नये, हे बाबालोकांना स्पष्ट सांगा. स्पीकर स्टँडवर, डोक्याच्या वर, तोंड अंगणाकडे किंचित खाली. जमिनीवर ठेवलात तर पुढच्या रांगेतल्या पोरांच्या बरोब्बर कानात आणि मागच्यांना काही नाही, मग मागचे ओरडतात आवाज वाढव.

आणि दहाला बंद म्हणजे बंद. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर चालत नाही, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि खाजगी सिस्टीमचा आवाज तुमच्या कुंपणावर त्यापेक्षा ५ हून जास्त चढायला नको. म्हणजे एकदा फोन घेऊन कुंपणापर्यंत चालत जा नि ६० दिसतायत का बघा. वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत परवानगी मिळते पण ती जाहीर झालेल्या दिवसांनाच, हॅलोवीन त्यात असेल असं गृहीत धरू नका. कायदा राहू दे, भातकापणीचे दिवस आहेत, शेजारची माणसं पहाटे उठणार असतात, आणि रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की आवाज वर न जाता खालीच वाकून लांबपर्यंत जातो, तुम्हाला अंगणात कमी वाटला तरी खाडीपलीकडे ऐकू जातो. स्पीकर किनाऱ्यावर न्यायची आयडिया कोणी काढली तर नाही म्हणा, नोव्हेंबरपासून आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला यायचे दिवस सुरू होतात.

लायसन्सचं पण सांगून ठेवतो कारण कोणी सांगत नाही. पाहुण्यांकडून पैसे घेऊन ठेवलेला कार्यक्रम घरगुती धरत नाहीत, रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायला पीपीएल आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्कासाठी आयपीआरएस अशा दोन संस्थांचं लायसन्स विचारलं जातं, आणि गाण्यांच्या अॅपचं आपलं नेहमीचं सब्स्क्रिप्शन फक्त स्वतः ऐकण्यासाठी असतं. त्यांच्या साइटवर चौकशी करून घ्या.

सामानाचं थोडक्यात. नेटवर भरवसा ठेवू नका, सगळी गाणी फोनमध्ये उतरवून घ्या आणि तीच पेनड्राइव्हवर पण. ब्लूटूथ नको, वायर लावा, आणि फोन एअरप्लेन मोडवर. मी एकदा विसरलो होतो, आएगा आनेवाला चालू, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि स्पीकरमधून बायकोचा आवाज, "येताना कोथिंबीर आणा." त्या रात्रीचा सर्वात मोठा हशा. फुकटच्या अॅपवर मधेच जाहिरात लागते तेही असंच. गाण्यांमधला क्रॉसफेड, म्हणजे एक विरता विरता दुसरं सुरू होतं तो वेळ, पाच-सहा सेकंदांचा ठेवा, संध्याकाळी सगळ्यांच्या आधी प्रत्येक गाण्याचे पहिले वीस सेकंद ऐकून आवाज सारखा करून घ्या, कारण १९४९ चं रेकॉर्डिंग आणि २०२४ चं रेकॉर्डिंग एकाच नॉबवर फार वेगळं वाजतं, जुनं बारीक नि चिरकं येतं, त्याला ट्रेबल थोडा उतरवा, बेस चढवून काही होत नाही, त्यात तो मुळात नसतो.

लाईट जायची तयारी ठेवा, परतीचा पाऊस अजून रेंगाळत असेल तर संध्याकाळी गडगडाट होतोच आणि वीज गेली की कधी येईल देव जाणे. गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा, कार्यक्रम थांबला तरी चालेल पण मंडळाचा मिक्सर जळला तर दुसरा घेऊन द्यावा लागेल. बॅटरीवाला एक छोटा स्पीकर चार्ज करून ठेवा आणि पेटी जवळ असू दे. खरं सांगू का, हॅलोवीनला लाईट गेलेली मला आवडते. एका घरी अशीच गेली, सासूबाईंनीच पेटी ओढली आणि भुताच्या गाण्यांच्या भेंड्या सुरू केल्या, तुमच्या सासूबाईंना पेटी येते का बघा. येत नसेल तर त्यांना सा आणि तीव्र मध्यम कुठे ते दाखवून ठेवा, कोण अंधारात हलायला लागला की त्या दोन पट्ट्या दाबायच्या, एवढंच काम द्या, बघा रात्रभर सोडणार नाहीत.

आणि कार्यक्रम संपल्यावर स्पीकर तसेच अंगणात ठेवून झोपू नका, ऑक्टोबर अखेरीला दव भरपूर पडतं, निदान ताडपत्री तरी टाका.